उडीआधीची उंची : लेझर मापकाने नेमके काय मोजायचे?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हर नदीच्या दरीवर १९७७ साली पोलादी कमानीचा एक भव्य पूल उभा राहिला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हा पूल वाहनांसाठी बंद ठेवून तेथे ‘ब्रिज डे’ साजरा करण्याची प्रथा आहे. त्या एका दिवशी पाठीवर हवाई छत्री बांधलेल्या साहसवीरांना पुलाच्या मध्यावरून दरीत उडी घेण्याची मुभा मिळते. पुलाची उंची ८७६ फूट, म्हणजे २६७ मीटर. हा आकडा स्मरणचिन्हांवर छापलेला असतो आणि उडी घेणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडपाठ असतो. असे असूनही २१ ऑक्टोबर २००६ रोजी याच पुलावरून उडी घेतलेल्या ब्रायन शुबर्ट यांची छत्री फार उशिरा उघडली आणि त्यांचा मृत्यू झाला. शुबर्ट काही नवखे नव्हते. योसेमिटीतील एल कॅपिटन या प्रसिद्ध कड्यावरून १९६६ साली छत्रीनिशी उडी घेणाऱ्या पहिल्या दोघांपैकी ते एक होते.

उंचीचा आकडा ठाऊक असणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने अधोरेखित केले. मात्र तिची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जिथे आकडा फुटापर्यंत ठाऊक आहे तिथेही चूक जीवघेणी ठरत असेल, तर जिथे आकडाच अंदाजाने धरलेला आहे तिथे काय होईल? जगभरातील बहुसंख्य कडे, मनोरे आणि दऱ्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या उंचीचा पाटी लावून ठेवलेला, तपासलेला आकडा कोठेही नाही. म्हणूनच ‘बेस जंपिंग’ या क्रीडाप्रकारात लेझर अंतरमापक हे छोटे उपकरण आवश्यक सामग्रीत गणले जाऊ लागले. पूर्वी शिकारी, लष्कर आणि सर्वेक्षक यांच्यापुरते मर्यादित असलेले हे यंत्र आज काही हजार रुपयांपासून ऑनलाइन दुकानांत मिळते. प्रश्न आता उपलब्धतेचा राहिलेला नाही. यंत्र दाखविते तो आकडा नेमका कशाचा, हा खरा प्रश्न आहे.

सेकंदांचा हिशेब

इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार स्थिर जागांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरांवरून ‘बेस’ हा शब्द तयार झाला. तो रूढ करण्याचे श्रेय कार्ल बेनिश या अमेरिकी छायाचित्रकाराला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिले जाते. १९७८ मध्ये एल कॅपिटनवरील उड्यांचे चित्रीकरण करून बेनिश यांनी या खेळाला आधुनिक रूप दिले. १९८४ मध्ये नॉर्वेतील ट्रोल वॉल येथे उडी घेतानाच त्यांचा अंत झाला. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, नॉर्वे सरकारने त्या भिंतीवरून उडी घेण्यास बंदी घातली. त्याच देशातील शेराग या सुमारे हजार मीटर उंचीच्या कड्यावर मात्र उड्या घेतल्या जातात.

विमानातून उडी घेणाऱ्याकडे उंची भरपूर असते आणि पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते. बेस जंपिंगमध्ये सामान्यतः एकच छत्री असते, कारण दुसरी उघडायला वेळच उरत नाही. त्यामुळे साधने आणि क्रिया यांची सारी निवड उंचीच्या आकड्यावर बेतलेली असते. मुख्य छत्रीला बाहेर ओढून काढणारी छोटी ‘पायलट’ छत्री किती व्यासाची घ्यायची, छत्री उघडण्याचा वेग आवरणारा ‘स्लायडर’ ठेवायचा की काढून टाकायचा, किती सेकंद मोकळे पडायचे, की मुळात मोकळे न पडता काठाला बांधलेल्या दोरीच्या साह्याने छत्री लगेच उघडायची, हे सर्व निर्णय जमिनीवर उभे राहून, शांत डोक्याने, त्या एका आकड्यावरून घ्यावे लागतात. आकडा चुकला की त्यामागून येणारा प्रत्येक निर्णय त्याच दिशेने चुकत जातो.

शाळेतील भौतिकशास्त्र येथे पुरेसे आहे. मोकळी पडणारी वस्तू पहिल्या तीन सेकंदांत सुमारे ४४ मीटर खाली येते. त्या क्षणी तिचा वेग सेकंदाला २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असतो. चौथ्या एका सेकंदात ती आणखी ३४ मीटर आणि पाचव्या सेकंदात आणखी ४४ मीटर पडते. हवेच्या रोधामुळे हे आकडे प्रत्यक्षात थोडे कमी होतात, पण हिशेबाचे स्वरूप बदलत नाही. आता अशी कल्पना करा की, एखाद्याने कडा १२० मीटरचा समजून तीन सेकंदांनी छत्री उघडण्याचे ठरविले आणि कडा निघाला १०० मीटरचा. त्याच्या समजुतीप्रमाणे खाली ७६ मीटर शिल्लक असायला हवे होते, प्रत्यक्षात ५६ आहेत. त्या वेगाने ५६ मीटर म्हणजे दोन सेकंदांहून कमी वेळ. छत्री पूर्ण फुलण्यास लागणारे अंतर त्यातूनच वजा व्हायचे आहे आणि दिशा सावरून उतरायचेही त्यातूनच आहे. कागदावर वीस मीटरची वाटणारी चूक अशा रीतीने जीवनमरणाची होते.

जुन्या ठोकताळ्यांची मर्यादा

लेझर मापक येण्यापूर्वी सर्वांत प्रचलित पद्धत होती ती काठावरून दगड टाकून घड्याळ लावण्याची. ती आजही वापरली जाते. या पद्धतीतील दोष मात्र फारसे कोणी हिशेबात घेत नाही. समजा, दगड सोडल्यापासून तो आपटल्याचा आवाज येईपर्यंत सहा सेकंद लागले. सरळ सूत्र लावले तर उंची १७७ मीटर येते. परंतु या सहा सेकंदांत आवाज वर पोहोचण्याचा वेळही मिसळलेला आहे. तो वजा केला तर खरी उंची १५१ मीटरच्या आसपास भरते. एका दुर्लक्षित बाबीमुळे २६ मीटर हवेत निर्माण झाले! हवेच्या रोधाने दगड थोडा सावकाश पडतो, त्यामुळे खरी उंची याहूनही कमी असते. घड्याळाची कळ दाबण्यात एकपंचमांश सेकंद इकडेतिकडे झाला तर आणखी नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. यातील गंभीर बाब अशी की, आवाज आणि हवेचा रोध या दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. त्या कड्याला आहे त्याहून उंच भासवितात, म्हणजे उडी घेणाऱ्याला नसलेला वेळ बहाल करतात. खाली कोणी असेल तर टाकलेला दगड त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे वेगळे.

जीपीएसचा आधार घ्यावा, तर उपग्रहांच्या रचनेमुळे उंचीची अचूकता आडव्या स्थानाच्या अचूकतेपेक्षा नेहमीच कमी असते. त्यातही कड्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर अर्धे आकाश खडकाने झाकलेले असते आणि उपग्रहांचे संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतात. हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक अधिक भरवशाचे वाटते. तथापि समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार दाब म्हणजे साधारण आठ मीटर उंची, आणि आपल्या अक्षांशांत सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हवेचा दाब रोजच दोन-तीन मिलिबारने उतरतो. सकाळी पायथ्याशी नोंद करून दुपारी माथ्यावर पोहोचणाऱ्याचा कडा घरबसल्या वीस-पंचवीस मीटरने वाढलेला असतो! नकाशांचे म्हणावे तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात आणि उभ्या कड्यापाशी त्या एकमेकींत मिसळून जातात. अंतराळयानातून २००० साली केलेल्या रडार-मोजणीवर आधारलेल्या संगणकीय नकाशांत जमिनीचा एकेक चौकोन तीस ते नव्वद मीटरचा असतो. अशा चौकोनांत कड्याची धार बोथट होऊन तिचा उतार बनतो.

या पार्श्वभूमीवर लेझर मापकाचे महत्त्व स्पष्ट होते. यंत्रातून सुटलेला प्रकाशाचा स्पंद लक्ष्यावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. दीडशे मीटरवरील खडकापर्यंत जाऊन येण्यास प्रकाशाला एक सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. एवढा सूक्ष्म वेळ मोजून हातात मावणारे यंत्र एक मीटरच्या आत-बाहेर अंतर सांगते. दगड-घड्याळाच्या तुलनेत ही प्रगती मोठी आहे, यात शंका नाही.

अंतर, आडवे अंतर आणि उंची

गोंधळ सुरू होतो तो येथून पुढे. बाजारात मिळणारी बहुतेक लेझर मापके उंची मोजण्यासाठी बनविलेलीच नाहीत. ती गोल्फ खेळणाऱ्यांसाठी किंवा शिकाऱ्यांसाठी बनविलेली आहेत आणि या दोघांनाही उंचीशी कर्तव्य नसते. समजा, आपण काठावर उभे राहून दरीतील एका खडकावर नेम धरला. खडक आडव्या रेषेच्या ३० अंश खाली आहे आणि थेट रेषेतील अंतर ३०० मीटर आहे. साधे मापक ३०० हा आकडा दाखवील. शिकाऱ्याचे ‘कोन-सुधारणा’ असलेले मापक २६० दाखवील, कारण गोळीच्या नेमासाठी त्याला आडवे अंतर हवे असते. गोल्फचे मापक उताराचा विचार करून चेंडू किती लांबचा समजून मारावा याचा स्वतःचा एक आकडा सांगेल. आणि काठापासून त्या खडकापर्यंतची उभी उंची आहे फक्त १५० मीटर! एका लक्ष्याचे इतके आकडे. त्यांपैकी प्रत्येक आकडा त्या त्या कामासाठी बरोबर आहे, पण उडीसाठी एकच बरोबर आहे आणि नेमका तोच बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर येत नाही.

उभी उंची थेट दाखविणारी यंत्रे वनखात्यातील आणि सर्वेक्षणातील कामासाठी बनतात. झाडाची उंची मोजणे हे वनाधिकाऱ्याचे नित्याचे काम असल्याने निकॉनचे ‘फॉरेस्ट्री प्रो’ किंवा लेझर टेक्नॉलॉजीचे ‘ट्रूपल्स’ अशा यंत्रांत कोनमापक बसविलेले असते. ती थेट अंतर, आडवे अंतर, कोन आणि उंची असे वेगवेगळे आकडे देतात. दोन-तीन ठिकाणी नेम धरून मधली उंची काढण्याची सोयही त्यांत असते. गोल्फच्या यंत्रापेक्षा ती महाग असतात. परंतु संपूर्ण साहससामग्रीच्या खर्चाशी तुलना केली असता हा फरक किरकोळ ठरतो. ज्याच्याकडे साधे मापक आहे त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. यंत्र निदान कोन दाखवीत असेल, तर थेट अंतराला कोनाच्या ‘साइन’ने गुणले की उंची मिळते. यंत्र कोनही दाखवीत नसेल, तर मात्र ते या कामासाठी निरुपयोगी समजावे.

बांधकाम व्यावसायिक वापरतात ती लाल ठिपक्याची मापके, उदाहरणार्थ लायका कंपनीचे ‘डिस्टो’, मिलिमीटरपर्यंत अचूक असतात. साहजिकच त्यांचा मोह पडतो. पण त्यांचा पल्ला मोठ्या प्रतिकृतींतही दोनशे ते तीनशे मीटरच्या आसपास संपतो. भर उन्हात लाल ठिपका दिसेनासा होतो आणि काळ्या खडकावरून परतणारा प्रकाश अपुरा पडतो. पुलाखाली किंवा मनोऱ्यापाशी ती उपयोगी पडतील, खुल्या कड्यावर नव्हे.

खरेदीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी

जाहिरातीत ठळक छापलेला पल्ला सर्वप्रथम बाजूला ठेवावा. ‘हजार यार्ड’ हा पल्ला चकचकीत, प्रकाश परतविणाऱ्या लक्ष्यासाठी असतो. झाडी, माती, ओला काळा पाषाण यांच्यासाठी तो बराच खाली येतो. आपल्याला मोजायच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट पल्ल्याचे यंत्र घेतले, तरच ते तिरप्या रेषेतही आणि निस्तेज लक्ष्यावरही उत्तर देईल.

दुसरी बाब एककाची. ही यंत्रे प्रामुख्याने अमेरिकी बाजारासाठी बनत असल्याने पुष्कळदा सुरुवातीलाच यार्डांवर लावलेली असतात. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. पडद्याच्या कोपऱ्यातील एका बारीक अक्षराकडे दुर्लक्ष झाले तर कडा तेरा मीटरने वाढतो. तेव्हा एकक मीटरवर लावून घ्यावे आणि प्रत्येक मोजणीपूर्वी ते तपासावे.

तिसरी बाब अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रकाशाचा झोत सुईसारखा नसतो. तो लांब जाताना पसरतो आणि एकाच वेळी झुडूप, खडकाचा कंगोरा व त्यामागची जमीन अशा अनेक गोष्टींवर पडतो. त्यांपैकी कोणाचे अंतर दाखवायचे, हे यंत्राने आधीच ठरविलेले असते. गोल्फचे यंत्र जवळच्या वस्तूला प्राधान्य देते, कारण त्याला झाडीपुढची निशाणाची काठी हवी असते. शिकाऱ्याचे यंत्र दूरच्या वस्तूला प्राधान्य देते, कारण त्याला गवतामागचे जनावर हवे असते. उडी घेणाऱ्याची गरज या दोहोंहून निराळी आहे. कड्याच्या मध्ये पुढे आलेला टप्पा, ज्याला गिर्यारोहक ‘लेज’ म्हणतात, तोच त्याच्यासाठी जमीन असतो. दूरचे लक्ष्य पसंत करणारे यंत्र तो टप्पा ओलांडून खालच्या दरीचा आकडा सांगेल. हा आकडा खरा असेल, पण घातक असेल. म्हणून प्राधान्य बदलता येणारे आणि कळ दाबून ठेवली असता सलग वाचन देणारे यंत्र पसंत करावे. झोत कड्यावरून सावकाश खाली सरकविला की आकडा कोठे एकाएकी उडी मारतो ते दिसते आणि मधला टप्पा आपोआप उघडा पडतो.

चौथी बाब कोनमापकाच्या अचूकतेची. लेझरचे अंतर एक मीटरच्या आत बरोबर असले, तरी कोन एका अंशाने चुकल्यास वरच्या ३०० मीटरच्या उदाहरणात उंची साडेचार मीटरने चुकते. पाव अंशाची अचूकता असलेल्या यंत्रात हीच चूक सुमारे एक मीटरवर येते. यंत्र निवडताना लेझरच्या पल्ल्यापेक्षा कोनाची अचूकता विचारणारा ग्राहक विरळा, पण तोच शहाणा.

मोजणीची रीत

चांगले यंत्रही चुकीच्या जागेवरून वापरले तर फसविते. कोनाची चूक सर्वांत कमी बाधते ती जवळजवळ सरळ खाली पाहताना. ८० अंशांच्या तीव्र कोनात १५० मीटरची उंची मोजताना एका अंशाच्या चुकीने अर्धा मीटरही फरक पडत नाही. तेव्हा काठाशी जाऊन शक्य तितके सरळ खाली मोजणे उत्तम. मात्र त्यासाठी काठावर वाकावे लागते, आणि मोजमापाच्या नादात पडून जीव गमावणे याइतका विरोधाभास दुसरा नाही. कमरेला दोर बांधून, पोटावर झोपून आणि यंत्राला मनगटाशी पट्टा लावूनच हे करावे. उभे राहून मोजले असल्यास काठापासून डोळ्यापर्यंतची दीड मीटर उंची वजा करण्यास विसरू नये.

त्यानंतर खालून वर मोजणी करावी. पायथ्याला चिकटून उभे राहिल्यास पुढे आलेला खडक खरा काठ झाकतो आणि झोत भलत्याच जागी लागतो. कड्याच्या उंचीइतके मागे सरकले असता काठ स्पष्ट दिसतो व कोनही ४५ अंशांच्या आसपास राहतो. शक्य असल्यास दरीच्या पलीकडील बाजूनेही एक वाचन घ्यावे. दोन जागांवरून आलेले आकडे दोन-तीन मीटरच्या आत जुळले तर मोजणी विश्वासार्ह समजावी. त्यांपैकी लहान आकडा उडीसाठी धरावा. आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढण्याचा मोह टाळून पुन्हा मोजावे. चुकीचा आकडा बरोबर आकड्यात मिसळल्याने तो अर्धा बरोबर होत नाही.

निसर्गाच्या काही मर्यादा कोणत्याही यंत्राला ओलांडता येत नाहीत. धुके आणि पाऊस यांत प्रकाश थेंबांवरूनच परततो आणि यंत्र जवळचाच आकडा दाखविते. शांत पाण्यावर तिरपा पडलेला झोत आरशासारखा पुढे निघून जातो आणि परतच येत नाही. म्हणून पाण्याऐवजी काठावरील खडकावर नेम धरावा लागतो. भर दुपारच्या प्रखर उन्हापेक्षा सकाळी किंवा संध्याकाळी मोजणी अधिक चांगली होते.

उंची नव्हे, आकृती

गेल्या काही वर्षांत पंखांसारखा झुलीचा पोशाख, म्हणजे ‘विंगसूट’, घालून कड्यांवरून झेपावणाऱ्यांनी लेझर मापकाचा आणखी पुढचा उपयोग शोधला. विंगसूट उडण्यास लागण्यापूर्वी माणूस काही अंतर जवळजवळ सरळ खाली पडतो आणि मग पुढे सरकू लागतो. या काळात कडा त्याच्या मार्गात यायला नको. म्हणून काठापासून प्रत्येक टप्पा किती खाली आणि किती पुढे आहे याची मोजणी करून कड्याची बाजूने दिसणारी आकृती काढली जाते. जीपीएस नोंदींवरून काढलेला स्वतःच्या आधीच्या उड्यांचा मार्ग त्या आकृतीवर ठेवून पाहिला जातो. दोन्ही रेषांत पुरेसे अंतर असेल तरच ती जागा स्वीकारली जाते. ‘हा कडा किती उंच?’ या प्रश्नाची जागा येथे ‘हा कडा कोणत्या आकाराचा?’ या प्रश्नाने घेतली. या क्रीडाप्रकारातील खरी प्रगती या बदललेल्या प्रश्नात आहे.

उंचीच्या प्रश्नातील ढिसाळपणा आपल्या बातम्यांतही दिसतो. ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान या ऑस्ट्रेलियन दांपत्याने २००६ मध्ये गढवाल हिमालयातील मेरू शिखरावरून ६,६०४ मीटर उंचीवरून विंगसूट घालून उडी घेतली. रशियाचे व्हॅलेरी रोझोव्ह यांनी २०१२ मध्ये शिवलिंग शिखरावरून आणि २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात ७,२२० मीटरवरून अशाच उड्या घेतल्या. २०१७ मध्ये नेपाळमधील आमा दब्लाम येथे रोझोव्ह यांचा मृत्यू झाला. हे आकडे वाचताना सामान्य वाचकाची समजूत अशी होते की, ही माणसे सात किलोमीटर खाली पडली. प्रत्यक्षात ते आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत. उडी घेणाऱ्याच्या पायाखाली मोकळी हवा किती, हा आकडा त्याच्या एका लहान अंशाएवढा असतो. शिवाय तेथील विरळ हवेमुळे विंगसूटला उचल धरण्यास अधिक अंतर लागते, म्हणजे त्याच उंचीचा कडा तेथे अपुरा ठरू शकतो.

हीच गल्लत सह्याद्रीतही होते. हरिश्चंद्रगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची चौदाशे मीटरच्या घरात आहे. त्याचा अर्धवर्तुळाकार, आत वळलेला कोकणकडा किती मीटरचा, याचे मात्र एकाहून अधिक आकडे प्रचलित आहेत. कोणी सरळ तुटलेला भागच धरतो, तर कोणी थेट कोकणातील पायथ्यापर्यंत मोजतो. आपल्याकडे बेस जंपिंगचा प्रसार नगण्य असला, तरी रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग आणि झिपलाइन यांचे कार्यक्रम शनिवार-रविवारी मोठ्या संख्येने होतात. दोर किती लांबीचा घ्यायचा, त्याचे टोक जमिनीला टेकते की नाही, मध्ये धारदार टप्पा आहे का, हे प्रश्न तेथेही त्याच आकड्याशी आणि त्याच आकृतीशी बांधलेले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था आणली. या नोंदणीबरोबरच ज्या कड्यावर कार्यक्रम होतो त्याची मोजणी कोणी केली, कोणत्या साधनाने, कोठून कोठपर्यंत आणि केव्हा, याची एका पानाची नोंद सहभागी व्यक्तीला पाहता आली, तर त्यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. दरड कोसळून किंवा झाडी वाढून कडा बदलतो, म्हणून मोजणीची तारीखही त्यात हवी.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. मोजमापाची साधने स्वस्त झाली की अननुभवी मंडळींनाही कड्याच्या काठावर जाण्याचे धाडस होईल, नाही का? हा धोका नाकारता येणार नाही. पडद्यावर दशांश चिन्हानंतरचा आकडाही दिसला की मनाला एक खोटी निश्चिंती येते. ब्रिज डेच्या पुलाची उंची फुटापर्यंत ठाऊक असूनही एक अनुभवी माणूस तेथून परतला नाही, हे म्हणूनच पुन्हा आठवायला हवे. यंत्र उंची सांगते. शरीराची तयारी, छत्रीची घडी, वाऱ्याची दिशा आणि हाताची तत्परता ते सांगत नाही. तथापि यावरचा उपाय अज्ञान हा नव्हे. दगड टाकून मोजलेल्या आकड्यावर विसंबणारा साहसवीर लेझरच्या आकड्यावर विसंबणाऱ्यापेक्षा अधिक सावध असतो, असे मानण्यास काही आधार नाही. तो केवळ अधिक अंधारात असतो.

उडीच्या जागेसाठी लेझर मापक निवडताना पल्ला आणि किंमत यांपेक्षा तीन प्रश्न विचारले जावेत. हे यंत्र उभी उंची देते की केवळ अंतर? ते जवळचा टप्पा दाखविते की त्याला ओलांडून जाते? आणि त्याचा कोन किती बरोबर आहे? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते यंत्र काठावर नेण्यास हरकत नाही. त्याने दोन जागांवरून दिलेले आकडे कागदावर लिहावेत आणि त्यांतील लहान आकडा खरा धरावा. तो आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघाला, तर छत्री पुन्हा पिशवीत भरून त्याच वाटेने खाली उतरावे. या उपकरणाचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित हाच आहे. उडी केव्हा घ्यायची नाही, हे ते वेळेवर सांगते.